बखर मनोरमेच्या परदेशगमनाची आणि लिंबाच्या बरणीची

श्रीशारदेस वंदन करून, डोळ्यांनी पाहिले तेवढेच येथे लिहिले असे. शके अठराशे एक्क्याण्णव, सौम्यनाम संवत्सर, आषाढमासी आमच्या राज्यातील मनोरमा खांबेटे इजला समुद्रापारच्या राज्यात पूल बांधण्याची विद्या शिकावयाची होती आणि तेथील विद्यापीठाने जागाही दिली होती. परंतु वाटेत त्या राज्याची वकिलात. तेथील अंमलदार प्रथम वदले, तुमची पदवी तीन वर्षांची, आमची चार. मग मनोरमेने आणखी एक वर्ष शिकून ते पुरे केले. मग वदले, आमची भाषा येते ऐसा दाखला आणा, तोही आणिला. आणि आगबोट दुसरे दिवशी सुटणार, ती चुकली तर जागा गेली, ऐशा समयी अंमलदारांनी नवे काढिले.

"शिकून परत येणार, याला पुरावा काय? जमीन? नवरा?"

"दोन्ही नाही, साहेब," मनोरमा म्हणाली आणि रडकुंडीस आली. आम्ही शेजारणी मागे रांगेत उभ्याच होतो.

मग तिच्या मातोश्री आवडाबाई पुढे सरसावल्या आणि पिशवीतून चिनी मातीची बरणी काढून मेजावर ठेवित्या जाहल्या. "चाळीस लिंबांचे लोणचे आहे. तीन वर्षे मुरते. दादऱ्यावर हिचे नाव लिहिले आहे. जिचे नाव, तिनेच फडके सोडायचे, ही आमची रीत. न येऊन सांगते कुणाला?"

अंमलदार हसले, आणि आत काय ते पाहावे म्हणून चहाच्या पेल्याने ओला जाहलेला हात दादऱ्याकडे नेला. तोच आवडाबाईंनी त्यावर फाटकन चापट मारिली.

"ओला हात! बुरशी आली म्हणजे तुम्ही खाणार का?"

अंमलदारांनी हात चोळला, बरणीकडे पाहिले, आवडाबाईंकडे पाहिले, आणि कागदावर 'परतीचे कारण सबळ' ऐसे लिहून शिक्का मारिला. रांगेने टाळ्या पिटल्या.

मग तीन वर्षांनी मनोरमा विद्या संपादून आली आणि अंगणात सर्वांदेखत दादरा सोडिला. तो वास आज इतकी वर्षे लोटली तरी नाकात आहे. इतक्यात दारी अंमलदार, बोलावणे नसता, उभे.

आवडाबाई वदल्या, "हात दाखवा."

त्यांनी दोन्ही पंजे दाखल्यासारखे पुढे केले. कोरडे ठणठणीत.

"मंजूर," म्हणून बाईंनी फोड वाढली.

सारांश, मनोरमेने पुढे राज्यात अकरा पूल बांधिले आणि बरणी तर उघडली त्याच वर्षी संपली. इति.