नेनेकाका फ्लॅट बघतात

फ्लॅट बघायला जाताना नेनेकाका पिशवीत लाटणं घेऊन यायचे.

कोथरूडला आम्ही भाड्याने राहत होतो, तेव्हा ते वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. खडकीला एका कारखान्यात तपासणीच्या कामावर आयुष्य गेलेलं. समोर येईल ते पास किंवा नापास करायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आमच्या चहालाही ते 'पास' एवढंच म्हणत. काकू गेल्यापासून घरात पोळ्या होत नव्हत्या, त्यामुळे लाटणं मोकळंच होतं. त्याने ते नव्या घरांच्या फरशा ठोकून बघत. पोकळ वाजली की नापास.

मी अमरावतीहून हिंजवडीच्या नोकरीसाठी आलेला. भिंतीला रंग असतो, याच्यापुढे मला बांधकाम कळत नव्हतं. त्यात बायकोला, स्वातीला, दिवस गेलेले आणि घरमालकाने जागा सोडायला सांगितलेली. मग दर रविवारी काकांना गाडीत घालून आम्ही निघायचो.

बाणेरला एका मुलीने आम्हाला सजवलेला सॅम्पल फ्लॅट दाखवला. काका दारातच थांबले.

"हा विकणार आहात?"

"नो सर, हा फक्त सॅम्पल आहे."

"मग विकणार आहात तो दाखवा."

तो दाखवला. काकांनी बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. पाणी जाळीकडे न जाता दाराबाहेर आलं.

"हॉलकडे निघालंय," काका म्हणाले. "टीव्ही बघायला."

असे कितीतरी रविवार गेले. कुठे खिडकी अडकायची, कुठे स्लॅबला पाझर. एकदा स्वाती घरी येऊन म्हणाली, "काकांच्या हिशोबाने चाललो तर बाळ पहिलीत जाईल, तेव्हा आपलं घर होईल." पण पुढच्या रविवारी तीच त्यांना हाक मारायला वर गेली.

शेवटी बावधनला एक इमारत सापडली. स्वतःच्या शेतावर बांधणारे बिल्डर काकांचं ठोकणं बघत मागे मागे फिरत होते. न राहवून म्हणाले, "काका, भिंत हाय ती. कलिंगड नव्हं."

"कलिंगड नासकं निघालं तर फेकता येतं," काका म्हणाले आणि पुढची भिंत ठोकली.

पाणी जाळीत गेलं. खिडक्या सरकल्या. स्वयंपाकघरातली एक फरशी तेवढी पोकळ वाजली. बिल्डरनी ती उखडून आमच्यादेखत नवी बसवून दिली. काकांनी ती चार दिवसांनी पुन्हा येऊन वाजवली. मग स्वातीकडे वळून म्हणाले, "पास." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

परतताना काकांनी एकाही इमारतीकडे मान वळवली नाही. एरवी वाटेतल्या प्रत्येक इमारतीला ते नावं ठेवत. फाटकाशी उतरून म्हणाले, "झालं तर मग तुमचं काम," आणि चहाला न थांबता वर गेले.

आम्ही बावधनला राहायला गेलो. मुलगी झाली. वास्तुशांतीला काका आले, जेवले, निघाले. नंतर फोन केला की म्हणायचे, "येईन. काही काम असेल तर सांगा."

एका रविवारी सकाळी स्वातीने फोन लावला. "काका, बेडरूमच्या भिंतीला ओल आल्यासारखी वाटतेय."

मी धावत जाऊन भिंत बघितली. ठणठणीत कोरडी. स्वाती माझ्याकडे न बघता कणीक मळायला बसली.

काका मिळेल त्या बसने आले. भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग दारात मुलीला घेऊन उभ्या असलेल्या स्वातीकडे त्यांनी पाहिलं.

"आहे थोडी," ते म्हणाले. "एकदा बघून भागायचं नाही. लक्ष ठेवावं लागेल."

"मग दर रविवारी जेवायलाच येत जा."

"यावंच लागेल," काका म्हणाले. त्यांनी रुमालाने हात स्वच्छ पुसले आणि मुलीला घ्यायला पुढे केले.