त्रेसष्टाव्या मिनिटाला सूर्यभान मामा

माझ्या हातून चुका होत नाहीत, असं मी कधीच म्हणत नाही. हजार नोंदींमागे तीन होतात. मी मोजल्या आहेत. आमच्या अमरावतीच्या ऑफिसात दुसऱ्या नंबरावर आचल होती आणि तिचा दर हजारी अकरा होता. तेव्हा पाच वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलमध्ये माझी मान जरा जास्तच ताठ होती, हे कबूल करते.

ऑफिस म्हणजे राजापेठेत मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. सहा संगणक, एक कूलर. आणि काम म्हणजे स्वीडनची दुसऱ्या दर्जाची फुटबॉल लीग! हसू नका. जगात कुठेही चेंडूला लाथ बसली की तिचा हिशोब कुणालातरी हवाच असतो. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला तिकडे दुपारचे तीन वाजत, शिट्टी होई, आणि मी, बीएस्सी स्टॅटिस्टिक्स, प्रथम श्रेणी, चेंडू कुणाच्या पायातून कुणाच्या पायात गेला हे टिपत बसे. एका सामन्यात सतराशे नोंदी.

आमचं अकोल्याला जनता बाजारात फुलांचं दुकान आहे. बाबांना, म्हणजे खुशालरावांना, हे काम पटण्याचा प्रश्नच नव्हता.

"लोकं पैसे देऊन खेळ पाह्यतात," ते म्हणाले, "अन् तुले पाह्याचे पैसे देऊन राहिले. यात कायतरी घोटाळा हाय."

त्यांच्या मते विज्ञान शिकलेल्या मुलीला जगात एकच रस्ता होता : बीएड. शेवटी आमचा तह झाला. दिवाळीपर्यंत कंपनीने कायम केलं तर ठीक, नाहीतर मुकाट्याने बीएडचा फॉर्म भरायचा. आणि कंपनीची कायम करण्याची अट एकच होती. हंगामभराचा दर हजारी पाचाच्या आत हवा. माझा तीन होता. मी बाबांशी हात मिळवला.

मग माझ्या वाट्याला लिल्लाविक आलं.

हे उत्तरेकडचं गाव. इतकं लहान की कॅमेरा फिरला की मैदानामागे कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा दिसायचा, आणि तो ट्रॅक्टर हंगामभर हलला नाही. संघही तसाच. पाच सामने, विजय शून्य. पण माझा घात ट्रॅक्टरने नाही, अँडरसनांनी केला. लिल्लाविकमध्ये चार अँडरसन होते. दोघे सख्खे भाऊ, उरलेले दोघे एकमेकांचे कुणी नाहीत, आणि दिसायला चौघेही एकाच साच्यातून काढलेल्या इडल्या! पाचव्या सामन्यात माझा दर हजारी नऊवर गेला. मला बीएड कॉलेजची घंटा ऐकू यायला लागली.

मी शास्त्रीय विचार केला. आपल्याकडे बांधावरून येणारा माणूस चेहऱ्यावरून नाही, चालीवरून ओळखतात. मग अँडरसनांनाही चालीवरून का ओळखू नये? गोलकीपर कमरेवर हात ठेवून, सगळी चूक दुसऱ्याची आहे अशा नजरेने उभा असायचा : बाबा. मधला एक जण प्रत्येक शिट्टीला पंचाकडे चालत जाऊन त्याला पदर खोचल्याच्या आवेशात काहीतरी सुनावायचा : आमची पार्बताबाई आत्या. आणि नऊ नंबरचा पुढचा गडी! तो स्टँडची सावली जिथे पडेल तिथे उभा राहायचा, चेंडू आपणहून पायाशी आला तरच मारायचा. हा तर हिवरखेडचा सूर्यभान मामा, आईचा सख्खा भाऊ. दर आठवड्याला झेंडू घेऊन आमच्या दुकानी येतो आणि पोती उतरवायची वेळ झाली की चहा प्यायला जातो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खेळाडूपुढे लघुनावाचा रकाना होता. त्यात मी चौथ्या अँडरसनसकट अख्ख्या संघापुढे घरची मंडळी भरली. हे नाव बाहेर तर दिसणार नाही ना? मी प्रयोग केला. नाव भरलं, उठले, आचलच्या पडद्यावर जाऊन पाहिलं. दिसत नव्हतं. निष्कर्ष : फक्त मलाच दिसतं. आचल त्या वेळी दुसराच सामना टिपत होती, ही गोष्ट मी निष्कर्षात धरली नाही.

सहावा सामना लिल्लाविकने एक-शून्य जिंकला. माझा दर हजारी दोन! रविवारी मी घरी जाऊन पुरणपोळी खाल्ली.

सोमवारी आमचे साहेब, शेखरभाऊ, चहाचा कप हातात तसाच धरून माझ्या टेबलाशी आले.

"प्रतीक्षा, हा सूर्यभान मामा कोन व्हय?"

त्यांच्या मोबाइलवर लिल्लाविकच्या मैदानातल्या मोठ्या फलकाचा फोटो होता. त्रेसष्टावं मिनिट, गोल, सूर्यभान मामा. त्याखाली एकाहत्तरावं मिनिट, पिवळं कार्ड, पार्बताबाई. फलकासमोर चारशे स्वीडिश माणसं हात वर करून उभी होती.

दुपारी कंपनीच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसातून माधवी मॅडम पडद्यावर आल्या. आवाज अत्यंत शांत. पार्बताबाई या नोंदणीकृत खेळाडू आहेत का, अशी क्लबकडून विचारणा झाल्याचं त्यांनी सांगितलं. मी चालीचा सिद्धांत समजावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला, आणि पहिली वेळ म्हणून माफ करते, नावं आजच्या आज काढा, असं सांगितलं. मी काढली.

त्यानंतर लिल्लाविक ओळीने तीन सामने हरलं.

चौथ्या सोमवारी माधवी मॅडम पुन्हा पडद्यावर आल्या. या वेळी आवाज तितकासा शांत नव्हता. क्लबचं पत्र आलं होतं. प्रेक्षक मामांना मागत होते! नावं गेली तसा संघाचा पायगुण गेला, असं तिकडे सगळ्यांचं ठाम मत होतं. लिंबू-मिरची फक्त आपल्याकडेच टांगतात असं मला तोवर वाटायचं.

"ग्राहकाचीच इच्छा आहे, तर ठेवा," मॅडम म्हणाल्या. मी ठेवली. हे त्यांच्याकडून लेखी घ्यायला हवं होतं. हजारी तीन दर असलेल्या मुलीला हे सुचलं नाही.

मग बातमी घरी गेली, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर हंगाम सुरू झाला. दर शनिवारी दुकानात, हारांच्या दोऱ्यांखाली मोबाइल टेकवून, सगळे सामना बघायला लागले. मध्यंतर झालं की माझा फोन वाजायचा.

"प्रतीक्षा, मी पयून काहून नाई राहिलो?"

"मामा, तुम्ही पहिल्यापासूनच पळत नाही."

"मंग गोल कसे होऊन राहिले?"

"तेच कुणाला कळत नाही."

आत्याची तक्रार वेगळी होती. तिने आजवर कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता, आणि तिच्या नावावर सहा पिवळी कार्डं जमली होती. ती खोडून टाक, म्हणून ती रोज मागे लागायची. सप्टेंबरमध्ये तिला एका सामन्याची बंदी झाली, तर त्या शनिवारी ती दुकानातच आली नाही. बाबा मान वर न करता हार ओवायचे. पण गोल वाचला की बाजारातल्या शेजाऱ्याला चहा पाजायचे, हे मला मामाने सांगितलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी शेवटचा सामना आला. शेवटचे दोन संघ खालच्या लीगमध्ये जाणार होते. लिल्लाविकला जिंकणं भाग होतं. शेखरभाऊंनी मला लॅपटॉप घेऊन घरी जायची परवानगी दिली, आणि मी झेंडूच्या ढिगावर बसून नोंदी करायला लागले. संध्याकाळचे साडेसहा. बाहेर गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि आत फुलं द्यायला कुणी नाही! एक बाई झेंडूचा भाव विचारून विचारून थकल्या आणि शेवटी आमच्यातच बसून सामना बघायला लागल्या.

शून्य-शून्य. अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. लिल्लाविकला पेनल्टी.

नऊ नंबर सावलीतून बाहेर आला. मामाने पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटले. नऊ नंबरने चेंडू मारला. तो गोलावरून गेला, कुंपणावरून गेला, आणि थेट त्या ट्रॅक्टरवर जाऊन आदळला.

 मी नोंद केली : सूर्यभान मामा, पेनल्टी, बाहेर. थोड्या वेळाने शेवटची शिट्टी झाली, सामना शून्य-शून्यच सुटला आणि लिल्लाविक खालच्या लीगमध्ये गेलं.

"गवत ओलं होतं," मामा म्हणाला.

"तू कोरड्यातबी असाच मारला असता," आत्या म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला.

चार दिवसांनी कंपनीचा मेल आला. माधवी मॅडम ऑगस्टमध्येच नोकरी सोडून गेल्या होत्या. हंगामाची तपासणी यंत्राने केली, आणि नोंदणीत नसलेल्या नावाची प्रत्येक नोंद यंत्राने चूक धरली. माझा हंगामाचा दर हजारी तीनशे ब्याण्णव! लिल्लाविकचे बहुतेक चेंडू आमच्या घरातल्याच माणसांच्या पायातून गेले होते.

मी मेल बाबांना वाचून दाखवला. ते आता 'मी म्हटलं होतं' म्हणणार, म्हणून खाली मान घालून उभी राहिले. त्यांनी हातातला हार पुरा केला.

"त्या गोलकीपरचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "त्याले लागली का दुसरीकडं?"

मी शोधून सांगितलं. लागली होती, शेजारच्या गावच्या संघात.

"कायम केलं का?"

"दोन वर्षांसाठी घेतलंय."

"बरं झालं," बाबा म्हणाले. मग फुलांच्या टोपलीखालून त्यांनी बीएडचा फॉर्म काढला.

आता मी अकोल्यात एका शाळेत गणित शिकवते. शिकवणं मला आवडतं, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. फक्त शनिवारी साडेसहा वाजले की हात उगाच कीबोर्ड शोधतात. सातवी ब मध्ये या वर्षी चार इंगळे आणि तीन राठोड आहेत, आणि गणवेशात सगळे सारखेच दिसतात. पण चाल प्रत्येकाची वेगळी! म्हणून हजेरीच्या एक्सेलमध्ये मी सोयीपुरता एक लघुनावाचा रकाना ठेवला आहे. तो बाहेर दिसत नाही. मी प्रयोग करून खात्री केली आहे.

हे लिहीत असतानाच शिपाई चिठ्ठी देऊन गेला. मुख्याध्यापकांनी बोलावलंय. सातवी ब मधला अँडरसन तीन दिवस गैरहजर आहे, त्याच्या पालकांना कळवलं का, असं विचारताहेत.