घाटातले शहाण्णव टक्के

योगिनीताईला सोमवारी अकराच्या आत सुरगाण्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून हजर व्हायचं होतं. नाय तर ऑर्डर रद्द. तिचे वडील, म्हणजे आमचे वाल्मीककाका, नाशकात हेडमास्तर. "आपल्या गाडीनेच जायचं," असा त्यांनी ठराव केला. मी शाळा सोडून गॅरेजला लागलो, म्हणून शाळेच्या कागदात मी 'गळती' आहे.

गाडी लय थरथरत होती. रविवारी दारातच कॉम्प्रेशन तपासलं. चारही प्लग काढले, एकेका सिलिंडरच्या भोकात गेज बसवला, ताईने आत बसून सेल्फ मारला. आत हवा किती जोरात दाबली जाते ते काटा सांगतो. एकशे पासष्ट, एकशे साठ, चाळीस, एकशे पासष्ट.

"तिसरा गेला, काका. घाट चढणार नाय."

"गेला कसा? पस्तीसला पास असतं."

"हे मार्क नायत ओ!"

"आवाज खाली. फेरपरीक्षा घे."

तिसऱ्यात चमचाभर ऑईल सोडलं. काटा एकशे दहावर. काका खूश! मी ओरडून सांगितलं, ऑईल टाकून वाढलं म्हणजे आतल्या रिंगा झिजल्यात. ते जळालं की परत चाळीस.

"मग जळायच्या आत निकाल लावू. तपासणीच्या दिवशी शाळेतही असंच करतो आम्ही."

"अहो, पण तिसरा कच्चाच ना?" काकू म्हणाली.

"मग धरायचाच नाही. दहावीला सहातले चांगले पाच विषय धरतात. इथे चारातले चांगले तीन."

प्रत्येकी एकशे सत्तरपैकी धरून टक्के निघाले शहाण्णव. शाळेचा शिक्का मारलेला निकाल पुढच्या काचेला चिकटला.

"मी जीपने जाते, पप्पा."

"शहाण्णव टक्के सोडून? लोक काय म्हणतील?"

सोमवारी साडेनऊला, घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी मेली. मी ढकलतोय आणि काका आतून सांगतायत, "अभ्यास झालाय तिचा. फक्त घाबरलीय."

ताईने रडवेल्या तोंडाने मागून आलेल्या खचाखच जीपला हात केला. ड्रायव्हर फकिराने आतल्या दोघांना टपावर चढवून तिला जागा दिली.

काकांनी त्याला अडवलं. "कॉम्प्रेशन किती तुझ्या जीपचं?"

"म्हाईत नाय, गुरुजी. चढती."

आणि चढली. पावणेअकराला ताईचा फोन आला, सही झाली.

आम्ही दोघं मात्र तिथंच. येणारी प्रत्येक गाडी हळू व्हायची, निकाल वाचायची. मला वाटायचं, आता हे आम्हाला ओढायला दोर काढतील. तुमचीबी गाडी होती त्यात, नाय म्हणू नका. काच खाली करून तुम्ही काकांना हात जोडलेत.

"सर, आमच्या पोराला शिकवणीला घ्याल का?"