पाठीवरचा अभ्यास

"हलू नका. तुमचा ट्रॅपेझियस वाकडा होतोय," भैरवी म्हणाली.

उमरग्यात बी-बियाणांचं दुकान चालवणारा कृष्णराज पलंगावर पालथा पडला होता आणि त्याची बायको त्याच्या उघड्या पाठीवर मार्करने चित्र काढत होती. परवा सोलापुरात तिची योगशिक्षिकेची परीक्षा होती. आसनं तिला झोपेतही जमली असती. अडत होतं ते कोणत्या आसनात कोणता स्नायू आवळतो, कोणता ताणला जातो आणि श्वास आत शिरून नेमकं काय करतो, हे सांगताना. पुस्तकातला माणूस सपाट होता. समोर हाडामांसाचा माणूस असला की सगळं डोक्यात बसेल, असं तिचं म्हणणं. कृष्णराज हाडामांसाचा होता. मांसाचा जरा जास्तच.

आवळणारे स्नायू लाल, ताणले जाणारे निळे. मानेखाली पतंगासारखा ट्रॅपेझियस आला, कण्याच्या दोन्ही बाजूंना जाड दोर आले. मग तिने त्याला उताणं केलं आणि बरगड्यांखाली श्वासाचा पडदा काढून त्याच्यावर खाली जाणारा बाण मारला.

"श्वास घ्या. बघा, घेताना पडदा खाली जातो आणि पोट पुढे येतं."

"माझं न घेताही येतं."

अभ्यास उत्तम झाला. पुसायला घेतल्यावर कळलं की मार्कर दुकानातला होता. फवारणीच्या औषधांच्या पिंपांवर लिहिलेलं उन्हापावसात टिकावं म्हणून कृष्णराजने तो मुद्दाम पारखून आणला होता. साबण झाला, खोबरेल झालं, डाळीचं पीठ झालं. कातडी लाल झाली, स्नायू होते तिथेच राहिले.

"राहू दे. शर्टाच्या आत कोण बघतंय?" कृष्णराज म्हणाला, आणि तेवढ्यात माकणीहून वडिलांचा, महारुद्र अण्णांचा फोन आला.

"कृष्णा, माजी कंबर धरलीय. उद्याच्या वास्तुशांतीला मला काय बसता येत न्हाय. तू अन् भैरवी बसा पूजेला."

"अण्णा, मला जरा..."

"जरा काय? थोरला हायस ना तू?"

शेतातल्या नव्या घरात दुसऱ्या दिवशी सगळं गाव लोटलं. तुळजापूरहून विष्णुपंत गुरुजी आले होते. कृष्णराज सोवळं नेसून, वर बनियन आणि बनियनवर उपरणं अशा बंदोबस्तात पाटावर बसला.

"बनियन काढा," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, सर्दी झालीय."

"होमापुढं सर्दी टिकत नाही. काढा. आणि पूजा होईपर्यंत दोघांनीही बोलायचं नाही."

कृष्णराजने उपरणं गळ्यापर्यंत लपेटून घेतलं. होम पेटला तसा घाम फुटला. आहुती द्यायला हात पुढे केला, की उपरणं थोडं थोडं खाली सरकायचं. शेवटी ते मांडीवर उतरलं आणि मागे बसलेल्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं.

"अगं बाई! ह्या रेघा कशाच्या?" त्याची आई, विठाबाई, उठून उभी राहिली.

कृष्णराजने भैरवीकडे पाहिलं, भैरवीने गुरुजींकडे. गुरुजींचा मंत्र मध्यावर होता. त्यांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

शेजारच्या शेताचे माणिकप्पा जाणते समजले जात. त्यांनी पुढे येऊन पाठीची नीट पाहणी केली. "आपरेशनच्या आदी डाक्टर अशाच खुणा करतेत. माज्या मेव्हण्याच्या गुडघ्यावर केल्त्या."

"एवढ्या सगळ्या?" मागून कुणीतरी विचारलं.

"लई मोठं दिसतंय. लाल तितं कापायचं, निळं तितं शिवायचं."

विठाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "म्हणूनच बनियन काढीना माझं लेकरू!"

कंबर धरलेले महारुद्र अण्णा भिंतीला धरून धरून होमापाशी आले. "कृष्णा, आमच्यापास्नं लपवलंस व्हय रं?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी पाहिल्यावर भैरवीला राहवेना. "अण्णा, आई, ऑपरेशन नाही हो! परीक्षा आहे!"

"परीक्षाच म्हनायची," माणिकप्पा म्हणाले. "वरचा बगतोय."

तेवढ्यात गुरुजींचाच श्वास मंत्रात अडकला. खोकून झाल्यावर त्यांनी यजमानाच्या पोटाकडे रोखून पाहिलं. "हा बाण कशाचा?"

"श्वासाचा, गुरुजी," भैरवी म्हणाली. "तुम्ही खांदे उचलून श्वास घेता, म्हणून छातीचा वरचाच भाग भरतो. पोट सैल सोडा. आतला पडदा खाली जाऊ द्या."

गुरुजींनी पोटावर हात ठेवून करून पाहिलं. लांबलचक मंत्र एका दमात पार पडला. ते स्वतःच चकित झाले आणि एरवी गाळत असलेले मंत्रही त्यांनी त्या दिवशी म्हटले. पूजा बरीच लांबली. मग अण्णांनी कंबरेचं विचारलं. भैरवीने नवऱ्याच्या पाठीवरचे लाल दोर दाखवले. "हे आवळून बसलेत, अण्णा. ओढू नका. गुडघे दुमडून उताणे पडा, अन् श्वास सोडताना कंबर जमिनीला टेकू द्या." मग एकेक बाई पुढे येऊन आपलं दुखणं कृष्णराजच्या पाठीवर बोट रुतवून दाखवू लागली. प्रसाद वाटला गेला तेव्हाही तो उघडाच बसला होता.

परीक्षेत भैरवीने लॅटिन नावांची सरबत्ती सुरू करताच परीक्षकबाईंनी हात वर केला. "नावं सगळ्यांनाच पाठ असतात. खुरपणाऱ्या बाईला कळेल असं सांगा." भैरवीने माकणीत सांगितलं तसंच सांगितलं. ती पास झाली.

ऑपरेशनची बातमी मात्र आधीच उमरग्यात पोचली होती. गिऱ्हाईक बियाणं मागायच्या आधी तब्येत विचारी. ऑपरेशन नव्हतंच, असं कृष्णराज आठवडाभर सांगत राहिला, आणि लोक त्याच्या धीराचं कौतुक करत राहिले. शेवटी तो कंटाळला. "आता बरंय," एवढंच म्हणू लागला. त्याचा अर्थ गावाने लावला: बायकोने योगा करून ऑपरेशन टाळलं.

भैरवीने घरीच सुरू केलेल्या योगवर्गाच्या पहिल्याच सकाळी दारात बायकांची गर्दी झाली. सगळ्यांत पुढे राजेश्वरीकाकू होत्या. त्यांच्या मागे त्यांचे यजमान शर्टाची बटणं सोडत, खाली मान घालून उभे होते.

"मालकांना आणलंय," काकू म्हणाल्या. "आधी ह्यांच्यावर रेघा मारून घे. मग आमचं योगाचं बघू."