साबुदाण्यातली गोळी

थोडं तेल घालावं, एवढाच माझा विचार होता. हे मी नंतर बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं आणि सासऱ्यांनाही सांगायला गेलो. तिघांपैकी एकानेही ते नीट ऐकून घेतलं नाही.

आमची राजनंदिनी नेमबाजी करते. अकरावीत आहे, साताऱ्यातल्या एका छोट्या क्लबात जाते, आणि हातात पिस्तूल आलं की तिचा चेहरा इतका शांत होतो की ही नक्की माझ्या बायकोचीच मुलगी ना, अशी मला शंका येते. (हे वाक्य आमच्या हिला कुणी वाचून दाखवू नये.) तिचं पिस्तूल सेकंडहँड. सांगलीच्या शौनक नावाच्या मुलाने नवं घेतलं, तेव्हा त्याचं जुनं हिच्याकडे आलं. हवेच्या दाबावर चालणारं, छर्ऱ्याचं, दहा मीटरवरच्या कागदाशिवाय आयुष्यात कुणालाही न दुखावलेलं.

तर शुक्रवारी ती सरावाहून आली आणि म्हणाली, "पप्पा, बोल्ट अडकतोय जरा."

पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक छोटा दांडा असतो. तो मागे ओढायचा, छर्रा ठेवायचा, पुढे सरकवायचा. तोच बोल्ट. रविवारी सकाळी नऊला सांगलीत विभागीय निवड होती, आणि तिचे कोच विश्वजित सर तिथल्या तयारीसाठी आधीच निघून गेले होते.

"आजोबांना बोलवू का?" नंदिनीने विचारलं.

आजोबा म्हणजे माझे सासरे, सुभेदार ज्योतिबा. फौजेत सव्वीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होते, आता रहिमतपूरला ऊस बघतात. माणूस लाखातला. पण ते मला 'सायेब' म्हणतात. मी पाटबंधारे खात्यात लिपिक आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असून म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी त्यांच्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर दुरुस्त करायला घेतला आणि अर्ध्या आळीची लाईट घालवली, तेव्हापासून म्हणतात.

"एवढ्याशा कामाला आजोबा कशाला?" मी म्हणालो.

शनिवारी दुपारी नंदिनी क्लासला गेली आणि मी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायकोने, म्हणजे रेश्माने, संध्याकाळच्या खिचडीचा भिजलेला साबुदाणा परातीत मोकळा करून ठेवला होता.

"अहो, तिथे माझा साबुदाणा आहे."

"मी या टोकाला आहे."

"तुम्ही एका टोकाला कधी थांबलात?" असं म्हणून ती आत गेली.

सुरुवात मी अगदी रीतसर केली. छर्रा आत नाही हे बघितलं, हवेचं नळकांडं काढून बाजूला ठेवलं, लाकडी मूठ काढली. मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस बहुधा जर्मन बोलत होता, पण हाताची भाषा सगळीकडे सारखीच. भाजलेल्या शेंगेतून दाणा काढावा तसा त्याने दोन बोटांनी बोल्ट बाहेर काढला. मीही दोन बोटं लावली. मग चार लावली. मग दहाही.

बोल्ट अर्धा बाहेर आला आणि थांबला. पुढे जाईना, मागे येईना.

मग मी खोबरेल तेल घातलं. (घरात तेवढंच होतं. गोडं तेल घालण्याइतका मी अडाणी नाही.) मग तेल आत मुरावं म्हणून रेश्माचा केस वाळवायचा ड्रायर लावला. मग बोल्टला ओरखडा पडू नये म्हणून त्याच्याभोवती नवा नॅपकिन गुंडाळला आणि पक्कड लावली. नॅपकिन फाटला. बोल्ट होता तिथेच.

आता मात्र मला घाम फुटला. व्हिडिओ मागे नेऊन पाहिला तेव्हा कळलं की त्या जर्मनाने आधी खालून एक बारीकसा स्क्रू काढला होता. मी पिस्तूल उलटं केलं, स्क्रू शोधला आणि फिरवला.

टिक असा आवाज झाला. एक स्प्रिंग उडून माझ्या मांडीवर पडली. तिच्यामागून एक पोलादी गोळी उडाली, कपाटावर आपटली, खुर्चीवर आपटली आणि नंतर काहीच आवाज आला नाही. आवाज आला नाही, म्हणजे ती साबुदाण्यात पडली. व्हिडिओत बघितलं तर गोळीचा आकार अगदी साबुदाण्याएवढा.

"काय पडलं?" रेश्मा आतून म्हणाली.

"गोळी. साबुदाण्यात."

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या सुलाबाई वाटी परत द्यायला दारात उभ्या होत्या. "कसली गोळी, भाऊजी? बीपीची का?"

"नाही, पिस्तुलाची."

त्यांनी वाटी हळूच खाली ठेवली आणि निघून गेल्या. अर्ध्या तासात आमच्या बिल्डिंगमधली दोन माणसं मला कुठे लागली ते विचारून गेली.

रेश्मा परात घेऊन खिडकीत बसली आणि एकेक दाणा चाचपायला लागली. ती एक शब्दही बोलली नाही. अठरा वर्षांच्या संसारात मी तिचं बोलणं पुष्कळ ऐकलंय, पण त्या न बोलण्याची सर कशालाच नाही. तिने तेवढ्यात रहिमतपूरला फोन केला होता, हे मला नंतर कळलं.

चारला नंदिनी आली. तिने टेबल पाहिलं. मूठ एकीकडे, नळकांडं दुसरीकडे, मधे अर्धा बोल्ट बाहेर काढून बसलेलं तिचं पिस्तूल, तेलात न्हालेलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, उद्या नऊला आहे माझं."

गेलं वर्षभर ही पोर पहाटे पाचला उठून हातात पाण्याची बाटली धरून भिंतीसमोर उभी राहते, हात हलू नये म्हणून. मी बघितलंय ते. "मी फक्त थोडं तेल..." एवढंच तोंडातून आलं.

पाचच्या सुमारास खाली मोटारसायकल थांबली. सासरे पत्र्याची पेटी घेऊन वर आले, चपला काढल्या, टेबलाभोवती एक चक्कर मारली.

"काय केलंसा, सायेब?"

"थोडं तेल घातलं."

"कंचं?"

"खोबऱ्याचं."

त्यांनी पिस्तूल उचलून वास घेतला. "वास झ्याक येतुया. डोस्क्याला लावलं तर केसं वाढतील. बोल्ट न्हाई सुटायचा."

पेटीतून त्यांनी एक लोहचुंबक काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि साबुदाण्यातून फिरवलं. तिसऱ्या फेरीला गोळी चिकटून वर आली. रेश्मा दोन तास जे शोधत होती ते अर्ध्या मिनिटात. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मग ते नंदिनीला म्हणाले, "बस हितं. तुजं हत्यार हाय, तूच काढायचं."

"आजोबा, माझ्याकडून मोडलं तर?"

"तुज्या बापाकडनं मोडलं न्हाई, तर तुज्याकडनं काय मोडतंय?"

मला बॅटरी धरायचं काम मिळालं. आत जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट झालं होतं, आणि त्यावर माझ्या तेलाचा आणि ड्रायरचा मुलामा. नंदिनी कापसाच्या काडीला पेटीतल्या बाटलीतलं, ग्रीस विरघळवायचं औषध लावून थोडं थोडं पुसत होती. सासरे शेजारी हात मागे बांधून उभे.

"वडू नगं. फिरव. आता थांब. तुला घाई न्हाई, आसं त्याला वाटू दे."

वीस मिनिटं हे असंच चाललं. नंदिनीच्या चेहऱ्यावर तोच तो टार्गेटसमोरचा शांतपणा आला होता. आणि एकदम बोल्ट सुटला, दोन बोटांत, त्या जर्मनासारखा. ती हसली. मी बॅटरी बंद करायची विसरलो.

सगळं पुसून, योग्य ते ग्रीस लावून तिने पुन्हा जोडलं. स्प्रिंग, गोळी, स्क्रू, मूठ. आणि वर्तमानपत्रावर एक बारीक स्क्रू शिल्लक राहिला.

पुन्हा सगळं खोललं. प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी होता. पुन्हा जोडलं. स्क्रू शिल्लकच. सासऱ्यांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी आली. "सव्वीस वर्सांत आसं झालं न्हाई," ते म्हणाले. तिसऱ्यांदा खोलायला घेतलं तेव्हा मी नीट दिसावं म्हणून खाली वाकलो, आणि माझ्या चष्म्याची डावी काच टेबलावर पडली.

सगळ्यांनी आधी काचेकडे, मग स्क्रूकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. सासरे खुर्चीवर बसले आणि हसायला लागले. इतके हसले की त्यांना रेश्माने पाणी आणून दिलं. मग त्याच स्क्रूड्रायव्हरने त्यांनी माझा चष्मा नीट केला आणि आपल्या हाताने माझ्या नाकावर ठेवला. साबुदाणा तोवर पार चिकट गोळा झाला होता, पण खिचडी आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली. चांगली लागली.

रविवारी सांगलीला आम्ही चौघंही गेलो. नंदिनीच्या जागेवर खोबऱ्याचा मंद वास दरवळत होता आणि शेजारची मुलगी अधूनमधून नाक वर करून बघत होती. पण हात हलला नाही पोरीचा. चौथी आली. सहा जणींची निवड होती. बाहेर येऊन ती आधी आजोबांच्या आणि मग माझ्या गळ्यात पडली. "पप्पा, बोल्ट लोण्यासारखा चालला."

मला चढलंच जरा. जिन्यापाशी उभ्या असलेल्या दोन पालकांना मी आम्ही घरीच केलेल्या सर्व्हिसिंगबद्दल थोडं सांगितलं. मागे सासरे उभे आहेत हे मला माहीत नव्हतं. ते पुढे आले आणि म्हणाले, "व्हय. बॅटरी ह्यांनीच धरलीवती. लय येळ धरली, पन हात हालला न्हाई." आणि खांद्यावर हात ठेवून मला चहाला घेऊन गेले. सायेब म्हणाले नाहीत.

त्या आनंदात मी पुढच्या आठवड्यात नंदिनीला सोडायला क्लबवर गेलो. आता तिथे आपल्याला थोडा मान आहे असं मनात होतं. दारातच भिंतीवर एक नवी सूचना, ठळक अक्षरांत, लॅमिनेशन करून लावलेली: 'पालकांनी पिस्तूल घरी खोलू नये.'

मी विश्वजित सरांना बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "सर, माझ्या एकट्यासाठी क्लबने एवढा खटाटोप करायला नको होता."

"क्लबने काही केलं नाही हो," सर म्हणाले. "परवा तुमच्या मिसेस आल्या होत्या. सूचना त्याच घेऊन आल्या आणि त्यांनीच लावली. स्टूलसुद्धा घरूनच आणलं होतं."