जाळं विणणारा कोळी आणि सत्त्याऐंशी वाचक

आपण दिलेलं पुस्तक न वाचता परत आलंय, असं चौतीस वर्षांत एकदाही घडलेलं नाही, असं आर्डिस टॉलेफसनबाई छातीठोकपणे सांगत. वैद्यानं नाडी बघावी तसा त्या पोराचा चेहरा बघत आणि त्याला कुठलं पुस्तक लागू पडेल ते ठरवत. आता इतक्या वर्षांत चार-दोन पुस्तकं न उघडता परत आली असणारच. पण तसं बाईंच्या तोंडावर सांगणारा माणूस अख्ख्या मिनेसोटात जन्माला आलेला नव्हता. मार्च महिन्यात टर्टल फॉल्स गावातल्या प्रत्येक अंगणात गुडघाभर बर्फ असायचं आणि बाईंच्या दारापुढे मात्र हिरवं गवत दिसायचं. इतका त्यांचा राग गरम होता.

शाळेतून निवृत्त होऊन बाईंना बरीच वर्षं झाली होती. वय त्र्याहत्तर. एका मंगळवारी त्या नेहमीसारख्या गावच्या वाचनालयात आल्या, खिडकीजवळच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि नेहमीच्या फळीवरून 'धक्का नंबर आठ' काढलं. आतून एक गुलाबी चिठ्ठी खाली पडली. 'पाच वर्षांत एकदाही वापर नाही. शनिवारी रद्दीत.'

'धक्का नंबर आठ' ही चारशे बारा पानांची, हिरव्या पुठ्ठ्याची कादंबरी. तिच्या पहिल्या साठ पानांत एक म्हातारा कोळी तळ्याकाठच्या बोटींच्या धक्क्यावर बसून मासे धरायचं जाळं विणतो. बाकी काही होत नाही. बाईंच्या मते याहून चांगली साठ पानं जगात कुणी लिहिलेली नव्हती. ज्याला लेखक व्हायचंय त्यानं ती तीनदा वाचावीत आणि मगच पेनाला हात लावावा, नाहीतर सरळ सुतारकाम शिकावं.

बाई चिठ्ठी घेऊन ग्रंथपालाच्या टेबलाशी गेल्या. कर्टिस ब्रँडवोल्ड त्यांचाच विद्यार्थी, वय बत्तीस. बाईंना येताना पाहून तो उभा राहिला. सातवीतली सवय.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, बाई. म्हणजे कॉम्प्युटर सांगतो ते मी लिहितो. पाच वर्षांत कुणीही..."

"मी वाचते. दर मंगळवारी. अकरा वर्षं."

"इथं बसून?"

"नाही, छपरावर चढून."

"आणि वाचून झालं की?"

"जिथलं तिथं ठेवते. तुमच्यासारखं टाकून जात नाही."

कर्टिसनं डोळे मिटले. "बाई, प्रत्येक टेबलावर पाटी आहे. पुस्तकं परत फळीवर ठेवू नका, टेबलावरच सोडा. संध्याकाळी आम्ही ती गोळा करून नोंदवतो. फळीवर गेलेलं पुस्तक कुणी वाचलं हे आम्हाला कळणार कसं?"

"ती पाटी ज्यांना अक्षरांचा क्रम येत नाही त्यांच्यासाठी आहे."

म्हणजे या पुस्तकाचा गळा बाईंच्याच नीटनेटकेपणानं घोटला होता. दोघांनाही ते त्याच क्षणी कळलं.

"मग आत्ता घरी न्या ना," कर्टिस हळूच म्हणाला. "तुमचं कार्ड..."

तिथंच घोडं अडलं होतं. अकरा वर्षांपूर्वी वाचनकक्षात कॉफीचं यंत्र बसवलं, तेव्हा बाईंनी भर सभेत आपलं कार्ड कात्रीनं कापून चार तुकडे अध्यक्षांपुढे ठेवले होते आणि या वाचनालयातून पुन्हा एक कागदही घरी नेणार नाही असं जाहीर केलं होतं. यंत्र सहा महिन्यांत बिघडलं आणि भंगारात गेलं. बाईंचा शब्द काही बिघडला नाही.

"शनिवारच्या आत या गावातलं एक तरी पोर हे पुस्तक घरी नेईल," बाई म्हणाल्या. "नाही नेलं तर चौतीस वर्षं मी शाळेत गवत उपटलं असं समज."

गुरुवारी वाचनालयात होतकरू लेखकांचं मंडळ भरायचं. सहा-सात पोरं आणि त्यांची म्होरकी मारेन हाउगे, वय सोळा. ती ड्रॅगनांवर नऊ खंडांची कादंबरी लिहीत होती आणि चौथ्या खंडापर्यंत पोचली होती. बाईंनी तिच्यापुढे पुस्तक ठेवलं.

"यात काय होतं, बाई?"

"एक माणूस जाळं विणतो."

"मग?"

"साठ पानं विणतो."

"ड्रॅगन?"

"एक मासा आहे. मोठा. पण तो शेवटी."

मारेननं पुस्तक उघडलं, बंद केलं आणि गोड हसली. "छान वाटतंय."

टर्टल फॉल्समध्ये कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. तिथं 'छान वाटतंय' म्हणजे नाही. आणि 'हे काहीतरी वेगळंच आहे' म्हणजे मेलो तरी नाही. पुढच्या दहा मिनिटांत बाईंना चार वेळा छान वाटतंय आणि दोनदा वेगळंच आहे ऐकायला मिळालं. त्यांच्या कानशिलांतून वाफ निघाली आणि जवळच्या खिडकीची काच धुरकटली, असं तिथं बसलेले लोक आजही शपथेवर सांगतात.

दाराजवळ आवडत्या पुस्तकांची एक फळी होती. पुस्तकाखाली शिफारसीचं कार्ड लावायचं, ते कुणीही लिहावं. कुणी हृदयं काढलेली, कुणी मांजरं. बाईंनी तिथं 'धक्का नंबर आठ' आपटलं आणि खालच्या कार्डावर लाल शाईनं लिहिलं: 'सोळा वर्षांखालच्या मुलांनी हे वाचू नये. झेपणार नाही. लेखक होऊ पाहणाऱ्यांनी तर हातही लावू नये. स्वतःचं लिखाण जाळून टाकावंसं वाटेल. आ. टॉलेफसन.'

यात डाव-बिव काही नव्हता. निव्वळ संताप होता.

शुक्रवारी सकाळी डॅरल स्कॉगमन आला. हा बर्फ उपसायची यंत्रं दुरुस्त करायचा आणि त्याला दोन लहान मुली होत्या.

"कर्टिस, मी काही भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला. तिथली भांडणं अशीच सुरू होतात. "पण मुलांनी वाचू नये असं टॉलेफसनबाई स्वतःच्या हातानं लिहितात, आणि ते पुस्तक माझ्या पोरीच्या नाकाच्या उंचीवर ठेवलेलं. आहे काय त्यात?"

"एक माणूस जाळं विणतो."

"साठ पानं?" डॅरलनं पानं चाळली. "साठ पानं कुणी नुसतं जाळं विणत नाही, कर्टिस. फॉर्म दे."

हरकतीचा फॉर्म भरला गेला की पुस्तक कुलुपात जातं. तीन जणांची समिती ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, हरकत घेणाऱ्यालाही ते सबंध वाचावं लागतं, आणि निकाल लागेपर्यंत ते कुणाला देता येत नाही. रद्दीतही टाकता येत नाही. शनिवार आला आणि गेला. पुस्तक वाचलं.

फॉर्मवरचं कारण वाचून बाई मात्र आणखी भडकल्या. "अश्लील? त्यात साधं कुणी कुणाचा हात धरत नाही."

"बाई, तुम्हीच लिहिलंत ना, मुलांनी वाचू नये?"

"मी शिफारस केली होती."

तोवर गावात बातमी पोचली होती. बातमीप्रमाणे त्या जाळ्यात एक बाई होती. दुसऱ्या दिवशी दोन झाल्या. बुधवारपर्यंत त्या पुस्तकापायी मिनिआपोलिसमध्ये एक शाळा बंद पडली होती. ज्या पोरांना छान वाटलं होतं ती सगळी सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत उभी. पुस्तक कुलुपात असलं तरी नाव नोंदवता येत होतं. महिना संपेपर्यंत सत्त्याऐंशी नावं झाली. शेजारच्या गावातलं एक विणकाम मंडळही त्यात होतं.

समितीनं निकाल दिला: आक्षेपार्ह काही नाही. त्याच दिवशी डॅरल तांबारलेले डोळे घेऊन आला. "चारशे बारा पानं. आता येईल, मग येईल म्हणत वाचत राहिलो, कर्टिस. काही येत नाही. हरकत बदलता येते का?"

मंगळवारी बाई आल्या तेव्हा फळीवर बोटभर रुंदीची रिकामी जागा होती. कुलुपातला महिना सोडला तर अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"नेलं," कर्टिस म्हणाला.

बाईंची छाती फुगली. "सांगितलं नव्हतं? परत कधी येणार?"

"सत्त्याऐंशी जण. प्रत्येकी तीन आठवडे." त्यानं खाली बघितलं. "पाच वर्षं, बाई. तुमचं नाव घालू रांगेत? कार्ड लागेल."

पाच वर्षांनी बाई अठ्ठ्याहत्तरीच्या होणार होत्या. त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि इतका दाबून भरला की सही खालच्या टेबलावर उमटली. नंबर अठ्ठ्याऐंशी.

आणि मग त्यांना दिसलं की खिडकीजवळच्या त्यांच्याच खुर्चीत मारेन बसलीय. मांडीवर हिरवं पुस्तक. रांगेत पहिला नंबर तिचा. बाई दबकत मागं जाऊन उभ्या राहिल्या. पान एकतीस. कोळी सुतळीला मेण लावून गाठ मारतोय. बाईंनी पान वाचलं, संपवलं आणि वाट पाहू लागल्या. एक मिनिट गेलं. तीन गेली.

"उलट की पान."

"थांबा हो, बाई." मारेननं मान वर केली नाही. "परत वाचतेय. त्यानं ही गाठ कशी मारली ते कळल्याशिवाय पुढं जायचं नाहीये मला."

चौतीस वर्षं टॉलेफसनबाई नेमक्या अशा एका वाचकाच्या शोधात होत्या. ती आज समोर बसली होती, आणि त्यांना राहून राहून वाटत होतं की तिच्या टाळक्यात पर्स घालावी.