प्रभारी संचालक श्रीमती ठकी

संशोधनासाठी लागणारी साखर अल्पोपहार या सदरात मोडते, हा निर्णय मी दिला आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. मी आमच्या जीवतंत्रज्ञान संस्थेचा लेखाधिकारी. विषय माझ्या टेबलावर आला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधक बाई स्वतः खाली उतरल्या होत्या. हातात एक रिकामा डबा होता आणि चेहऱ्यावर, नियम ठाऊक नसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर असते ती घाई होती.

"ग्लुकोज संपलंय," त्या म्हणाल्या. "लवकर मिळालं नाही तर ठकी उपाशी मरेल."

ठकी म्हणजे यीस्ट. पाव फुगवते, रसाची दारू करते, त्यातलीच. पण ही शिकलेली. बाईंनी तिच्यात माणसाचे एक जनुक घालून तिला एक प्रथिन तयार करायला लावले होते. काही माणसांच्या शरीरात हे प्रथिन बनेनासे होते आणि मग बोटांचे सांधे आखडत जाऊन हात लाकडासारखे होतात. समोरच्या इस्पितळात अशा रुग्णांवर ठकीच्या औषधाची चाचणी व्हायची होती. त्यातले एक शिंपीकाका. त्यांच्या बोटांत अजून थोडी हालचाल होती. ती जायच्या आत औषध मिळाले तर हात वाचणार होते. तिथले डॉक्टर बाईंचे धाकटे भाऊ, त्यामुळे "ताई, कधी?" म्हणून रोज फोन यायचा. या सगळ्याबद्दल मला सहानुभूती होती, पण सहानुभूतीला लेखाशीर्ष नसते.

मी डब्याच्या तळाचे दोन कण जिभेवर ठेवले.

"बाई, ही साखर आहे."

"ग्लुकोज आहे. इतकी वर्षं रसायन म्हणून घेतोय."

"गोड आहे की नाही?"

"आहे."

"खातात की नाही?"

"ठकी खाते."

"मग हा अल्पोपहार झाला."

अल्पोपहार फक्त समितीच्या सदस्यांना आणि तोही बैठक चालू असताना देता येतो. बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच्या पैशांनी साखर आणली, ती फाटकावर पकडली गेली. संस्थेच्या मालमत्तेला बाहेरची साखर चारणे म्हणजे तिला मिंधे करणे, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्या खुर्चीत मट्कन बसल्या आणि म्हणाल्या, "मग मी काय करू ते तरी सांगा."

माझे काळीज काही दगडाचे नाही. मी मार्ग काढला. वाहनतळ समितीत एक जागा रिकामी होती. सदस्य होण्यासाठी संस्थेत असणे आणि दुसऱ्या समितीवर नसणे, एवढ्या दोनच अटी. ठकी दोन्हींत बसत होती. शिवाय तिच्याकडे वाहन नसल्यामुळे ती निःपक्षपाती होती, जे आजवरच्या एकाही सदस्याबद्दल म्हणता आले नव्हते.

पहिल्या बैठकीला बाई ठकीला काचेच्या चंबूतून घेऊन आल्या. चहा आला. "तिला कोरा द्या, साखर भरपूर, आणि आधी गार करा," बाईंनी सांगितले. चहा चंबूत ओतला गेला. वाट्याची बिस्किटे ठकीला चालत नसल्याने ती मी संपवली, कारण परत केलेल्या बिस्किटाची नोंद करायची सोय नाही. अर्ध्या तासात चंबूत बुडबुडे येऊ लागले. बाईंचे डोळे भरून आले. "जगली," त्या म्हणाल्या, आणि मला हात जोडले. नियमात राहूनही भले करता येते, हे मी त्या दिवशी पुन्हा सिद्ध केले.

आता एकच अडचण होती. ठकीला रोज भूक लागायची, म्हणून वाहनतळ समितीची बैठक रोज घ्यावी लागली. वाहने तेवढीच आणि जागाही तेवढीच, त्यामुळे विषय पुरेनात. मग आम्ही आदल्या दिवशीचे निर्णय दुसऱ्या दिवशी रद्द करू लागलो, आणि कामाला एक शिस्त आली.

हळूहळू ठकीचे गुण लोकांच्या लक्षात आले. ती वेळेवर यायची. कुणाचे बोलणे मध्येच तोडायची नाही. मोबाइल बघायची नाही. समितीचे अध्यक्ष प्रत्येक प्रस्तावावर शंका काढत. ठकीसमोर प्रस्ताव ठेवला की ती मंद बुडबुडायची. "बाईसाहेबांची संमती दिसते," असे भांडारपालांनी एकदा म्हटले आणि ते सगळ्यांना पटले. अध्यक्ष निवृत्त झाले तेव्हा ज्येष्ठता पाहिली गेली. ठकीचा वाण संस्थेच्या स्थापनेच्या वर्षी आणलेला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आधीचा. ती बिनविरोध अध्यक्ष झाली.

त्याच सुमारास आमचे संचालक परदेश दौऱ्यावर गेले. दौऱ्याचा विषय 'प्रत्यक्ष हजर राहण्याचे प्रशासनातील महत्त्व' असा होता आणि तो बराच लांबला. कार्यभार सर्वांत ज्येष्ठ समिती-अध्यक्षांकडे जातो. अशा रीतीने ठकी आमची प्रभारी संचालक झाली.

पदाला साजेसे सगळे करणे भाग होते. चंबू लहान पडतो म्हणून मोठी काचेची बरणी आली. तिला निवासस्थान मंजूर करताना मी स्वतः चौरस मीटरऐवजी लिटर असा शब्द सुचवला. बाईसाहेबांना तीस अंश ऊब लागते, म्हणून सबंध मजल्याचे तापमान तीसवर ठेवले. अधिकारी घामाने निथळत बसू लागले आणि त्यातच निष्ठा मोजली जाऊ लागली. उपसंचालक तर लोकरी कोट घालून यायचे. खोलीत पावाचा खमंग वास दरवळायचा. आयुष्यभर कुरकुरणारे कारकूनसुद्धा सकाळी हसतमुखाने यायचे. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत आम्ही सगळेच थोडे तरंगत होतो.

बाईसाहेबांच्या तोंडाला मद्याचा वास येतो, अशी एक निनावी तक्रार आली खरी. चौकशी झाली. वास येत होता. मात्र मद्य त्या विकत घेत नव्हत्या, कुणाकडून स्वीकारतही नव्हत्या, स्वतःच्या श्रमाने जागीच तयार करत होत्या. नियमात मद्य 'प्राशन' करण्याला मनाई आहे, निर्मितीला नाही. तक्रार निकाली निघाली आणि तक्रारदाराचे अक्षर ओळखून त्याची बदली झाली.

मग घराणेशाहीचा प्रश्न आला. यीस्टच्या अंगावर कोंब फुटतो, तो वाढून वेगळा होतो आणि ती तिची लेक होते. बाईसाहेबांना अशा लेकी झाल्या, लेकींना लेकी झाल्या, आणि सगळ्या सरकारी निवासस्थानातच राहू लागल्या. त्यांना तिथून काढा, असे म्हणायला कुणी धजावले नाही. उलट उपसंचालकांनी बाकी समित्यांवरच्या रिकाम्या जागांवर त्यांची सोय लावली. लायकीत त्या आईच्या तसूभरही मागे नव्हत्या.

अशा सुवर्णकाळात संशोधक बाई एक दिवस माझ्याकडे आल्या. "भरपूर वाढ झालीये," त्या म्हणाल्या. "आता निम्मी बरणी द्या. औषध काढते."

"काढणार कसं?"

"पेशी काचेच्या बारीक मण्यांबरोबर घुसळायच्या. फुटल्या की आतलं प्रथिन गाळून घ्यायचं."

मी उठून दार लावून घेतले. "बाई, तुम्ही प्रभारी संचालकांना काचेच्या मण्यांनी फोडणार आहात?"

"यीस्ट आहे ते."

"काल होतं."

"मीच तर तिला तयार केलंय."

"संचालकांना कुणीतरी घडवलेलंच असतं, बाई. म्हणून कुणी त्यांना दळत नाही."

त्या लेक तरी मागू लागल्या. एखादी, धाकटी, कुठल्याच समितीवर नसलेली. पण पदाधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना संस्थेच्या प्रयोगात वापरले तर लोक काय म्हणतील? शेवटी मी म्हटले, रीतसर अर्ज करा, बाईसाहेबांसमोर ठेवू. अर्ज ठेवला. बाई तो मोठ्याने वाचत होत्या. बाईसाहेब मंद बुडबुडत होत्या.

"बघा," बाई म्हणाल्या, "संमती आहे. एरवी तुम्ही यालाच संमती म्हणता ना?"

प्रश्न बिनतोड होता, मी नाकारत नाही. क्षणभर उपसंचालकांनी माझ्याकडे पाहिले. पण मी काही उगाच या खुर्चीत बसलेलो नाही.

"एरवी म्हणतो," मी सांगितले. "पण हा विषय बाईसाहेबांच्या स्वतःच्या देहाचा आहे. स्वतःशी संबंधित विषयात अध्यक्षांना मत देता येत नाही, त्यांनी उठून बाहेर जायला हवं."

"मग नेते मी त्यांना बाहेर."

"नेलंत की गणसंख्या अपुरी होते. बैठकच होत नाही."

बाईंनी अर्जाची घडी घातली. मग बरणीकडे पाहून म्हणाल्या, "ठके, तू तरी काहीतरी बोल गं." इतिवृत्तात हे वाक्य मी घेतले नाही, कारण वरिष्ठांना एकेरी संबोधणे शिस्तभंगात येते आणि मला बाईंचे वाईट करायचे नव्हते.

पुढच्या आठवड्यात त्यांचे डॉक्टर भाऊ थेट शिंपीकाकांनाच घेऊन आले. सडपातळ, मिश्किल म्हातारा. शर्टाची बटणे डॉक्टरांनी लावून दिलेली दिसत होती, कारण एक घर चुकले होते.

"साहेब, मला नियम शिकवू नका," काका मला म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. या दोन बोटांत अजून सुई धरता येते. पुढच्या महिन्यात येणार नाही म्हणतात. तुमच्या बाईसाहेबांना मी विनंती करू का?"

"अवश्य," मी म्हणालो. भेटीची वेळ राखीव होतीच.

काका बरणीपुढे उभे राहिले. "बाई," ते म्हणाले, "तुमच्यापाशी ढीग आहे, मला चिमूटभर पुरेल. माझ्याकडं द्यायला काही नाही. हात चालले तर तुम्हाला छान झालर लावून देईन." बरणीत बुडबुडे आले. काका खूश होऊन माझ्याकडे वळले. "हो म्हणाल्या ना?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. 'चर्चा सकारात्मक वातावरणात झाली,' असे मी लिहून घेतले, आणि ते खोटे नव्हते.

महिना गेला, दुसराही गेला. बाईंनी मंत्रालयात, न्यायालयात, कुठे कुठे अर्ज केले. प्रत्येक ठिकाणाहून एकच उत्तर आले, की योग्य मार्गाने, म्हणजे प्रभारी संचालकांमार्फत पाठवा. दरम्यान आमच्या संस्थेला सर्वोत्कृष्ट प्रशासनाचा पुरस्कार मिळाला. वर्षभरात एकही मतभेद नाही, एकही रजा नाही, एकही वादग्रस्त विधान नाही. श्रीमती ठकी यांच्या जाहीर सत्काराचे ठरले आणि सगळ्या गावाला आमंत्रण गेले.

सभागृह ओसंडून वाहत होते. बरणीच्या गळ्याभोवती शाल गुंडाळली होती. इस्पितळातल्या रुग्णांना संशोधनाचे लाभार्थी म्हणून पहिल्या रांगेत बसवले होते, ही कल्पना माझी. उपसंचालक कोटात बोलायला उभे राहिले. "मानवतेसाठी बाईसाहेबांनी स्वतःला वाहून घेतलं आहे," ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

शिंपीकाकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर तसेच होते, बोटे अर्धवट वळलेली. मी कार्यक्रम संपल्यावर संशोधक बाईंना गाठून हा प्रकार कानावर घातला.

"गेल्या मंगळवारी शेवटचं बोट गेलं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "सुई हातातून पडली, ती उचलता येईना. मला म्हणाले, बाई, आता राहू दे, तुम्ही जेवून घ्या." मग त्या रडायला लागल्या. मी त्यांना चहा घ्या म्हणालो. त्या कुठल्याच समितीवर नव्हत्या, तरी म्हणालो.

अहवालात मात्र लिहावेच लागले, की पहिल्या रांगेतल्या एका लाभार्थ्याने टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता तुम्ही मला मनातल्या मनात नावे ठेवत असाल. खुशाल ठेवा, मला सवय आहे. पण त्या दिवशी मी व्यासपीठावर होतो आणि तिथून सगळे सभागृह दिसते. तुम्ही दुसऱ्या रांगेत होता, काकांच्या अगदी खांद्यामागे. बरणीत काय आहे ते तुम्हालाही दिसत होते आणि काकांचे हातही दिसत होते. तुमची बोटे धडधाकट आहेत. तुम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्यात.